तीन कसोट्यांचा मानकरी : केव्हिन ओब्रायन

तीन कसोटी सामने, सहा डाव, एकदा नाबाद, २५८ धावा, सरासरी ५१.६०. केव्हिन ओब्रायन या आयरिश खेळाडूच्या कसोटी कारकीर्दीचा हिशेब एवढ्यावर संपतो.

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांची वाण नाही. एका दुपारी कॅरमभोवती बसून 'खेळाडू मोठा कशावरून म्हणायचा' असा वाद रंगला होता. कुणी गावसकरांची ३४ शतके पुढे केली, कुणी सचिनची शंभर. माझी पाळी आल्यावर मी हे नाव घेतले, तेव्हा मंडळी मोठ्याने हसली. "तीन टेस्ट? अरे, आपल्याकडे एवढ्या तर बाराव्या गड्याच्या पाणी नेण्यात जातात!" एक जण म्हणाला. "आणि आयर्लंडमध्ये क्रिकेट खेळतात होय?" अशी दुसऱ्याने पुस्ती जोडली. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर सगळे मुद्दे एकामागून एक सुचले. पण तोवर ऐकायला समोर कोणी नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. होय, आयर्लंडमध्ये क्रिकेट खेळतात, आणि फार पूर्वीपासून खेळतात. एकोणिसाव्या शतकात तेथील जमीनदारांच्या वाड्यांपुढल्या हिरवळीवर, लष्करी छावण्यांत आणि खेडोपाडीही हा खेळ चाले. पुढे स्वदेशीचे वारे वाहू लागले. १८८४ साली आयरिश लोकांचे स्वतःचे खेळ जिवंत राहावेत म्हणून 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. काठी आणि चेंडूचा हर्लिंग हा खेळ आणि गेलिक फुटबॉल, हे या संस्थेचे दोन मुख्य खेळ. काही वर्षांनी संस्थेने नियम केला की, आपल्या सभासदाने क्रिकेटसारखे 'परके' खेळ खेळता कामा नयेत, ते पाहायला जाणेही गुन्हा! हा नियम १९७१ सालापर्यंत टिकला. म्हणजे ज्या वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या आणि आपल्याकडे मिरवणुका निघाल्या, त्या वर्षापर्यंत आयर्लंडमधला एखादा हर्लिंगपटू क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला उभा राहिला तरी नियमाने दोषी ठरत असे. साहेबाचा खेळ आपण साहेबाकडून घेऊन आपला केला; आयर्लंडमधल्या बहुसंख्यांनी तो साहेबाकडेच राहू दिला. दोन्हीमागे स्वाभिमानच होता, हे मला फार मौजेचे वाटते.

तरीही डब्लिनमधल्या काही क्लबांतून आणि उत्तरेकडच्या गावांतून खेळ तग धरून राहिला. देशाची फाळणी झाली, पण क्रिकेटचा संघ मात्र दोन्ही भागांचा मिळून एकच राहिला. २ जुलै १९६९ रोजी सायन मिल्स नावाच्या गावी या हौशी संघाने वेस्ट इंडीजच्या पाहुण्या संघाचा डाव अवघ्या २५ धावांत गुंडाळला होता. एका क्षणी धावफलकावर ९ बाद १२ असे आकडे लागले होते! पण त्या विजयाला कसोटी नव्हे, कसलाच अधिकृत दर्जा नव्हता. तो एका दिवसाचा मैत्रीचा सामना होता.

अशा देशात, डब्लिन शहरात ४ मार्च १९८४ रोजी केव्हिनचा जन्म झाला. घरात क्रिकेट होतेच. वडील ब्रेंडन ओब्रायन, ज्यांना सगळे 'जिंजर' म्हणत, हे स्वतः आयर्लंडकडून पन्नासाहून अधिक सामने खेळलेले. थोरला भाऊ नायल यष्टिरक्षक आणि डावखुरा फलंदाज. डब्लिनच्या सँडीमाउंट भागातील 'रेल्वे युनियन' हा या भावंडांचा क्लब. केव्हिन उजव्या हाताने फलंदाजी करणारा, अंगाने दणकट, आणि मध्यमगती गोलंदाज. शैलीदार वगैरे म्हणता येणार नाही. चेंडू टप्प्यात आला की तो सरळ किंवा मिडविकेटवरून उचलून मारायचा, हा त्याचा हुकमी डाव.

आता मुख्य अडचण सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. क्रिकेटच्या जागतिक संघटनेत देशांच्या दोन पंगती असतात. पहिल्या पंगतीत पूर्ण सभासद. कसोटी सामने खेळण्याचा हक्क फक्त त्यांचा. दुसऱ्या पंगतीत सहसभासद. आयर्लंडला ही दुसरी पंगत मिळाली तीसुद्धा १९९३ साली. पहिल्या पंगतीतले देश आपापसांत दौरे ठरवतात, कारण त्यातून पैसा येतो. दुसऱ्या पंगतीतल्यांना पात्रता-स्पर्धा खेळून विश्वचषकात शिरावे लागे, आणि चार वर्षांतून एकदा मोठ्यांच्या पानाला पान लावून बसता येई. केव्हिनने २००६ ते २०२१ या पंधरा वर्षांत १५३ एकदिवसीय सामने खेळले. म्हणजे वर्षाला सरासरी दहा. सचिन तेंडुलकर १९९८ या एकाच वर्षात ३४ एकदिवसीय सामने खेळला होता. आकडे शेजारी ठेवताना ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर अन्याय होतो.

मग आयर्लंडमधल्या गुणी मुलाने काय करावे? त्याला इंग्लंडमधल्या कौंटी संघात जागा मिळू शकत होती. तेथे काही वर्षे राहिले की इंग्लंडकडून खेळण्याची पात्रताही येई. कसोटी खेळायची तर वाट तीच. डब्लिनचा एड जॉइस हा डावखुरा फलंदाज त्या वाटेने गेला. त्याच्यामागून ऑइन मॉर्गन गेला, आणि २०१९ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा कप्तान तोच होता. उंच वेगवान गोलंदाज बॉइड रँकिन हाही गेला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गावात कॉलेज नसेल तर मुलगा तालुक्याला जातो, तालुक्यात नोकरी नसेल तर मुंबई-पुण्याला जातो. त्याने गावाशी दगा केला असे आपण म्हणत नाही.

पण या येण्याजाण्यातून जे प्रसंग उभे राहिले ते एखाद्या नाटकात शोभावेत असे आहेत. १३ जून २००६ रोजी बेलफास्टच्या स्टॉरमाँट मैदानावर आयर्लंडने आपला पहिला अधिकृत एकदिवसीय सामना खेळला. प्रतिपक्ष इंग्लंड. त्या दिवशी एड जॉइसनेही आंतरराष्ट्रीय पदार्पण केले, पण इंग्लंडकडून! आणि आयर्लंडच्या संघात त्याचा सख्खा भाऊ डॉमिनिक होता. पुढल्या वर्षीच्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळणाऱ्या जॉइसचा त्रिफळा कोणी उडवला, तर बॉइड रँकिनने. हाच रँकिन नंतर इंग्लंडकडून एक कसोटी खेळला. आणि अखेरीस दोघेही आयर्लंडकडे परत आले.

केव्हिनचेही पदार्पण त्याच स्टॉरमाँटच्या सामन्यात झाले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने इंग्लंडचा कप्तान अँड्र्यू स्ट्रॉस याला बाद केले. आयर्लंड ३८ धावांनी हरले, पण ३०२ धावांचा पाठलाग करताना त्यांनी २६३ पर्यंत मजल मारली. केव्हिन इंग्लंडकडे कधी गेला नाही. त्याला तशी संधी कितपत होती, हा प्रश्न विचारता येईल. एकदिवसीय सामन्यांतली त्याची सरासरी तिशीच्या अलीकडेच राहिली. जॉइस किंवा मॉर्गन यांच्या हातातली सफाई त्याच्याकडे नव्हती. मी त्याला हुतात्मा ठरवू इच्छीत नाही. नॉटिंगहॅमशायर, ग्लॉस्टरशायर, सरे, सॉमरसेट, लेस्टरशायर अशा कौंटी संघांतून तोही थोडा थोडा काळ खेळला, परंतु देशाचा संघ त्याने बदलला नाही, ही वस्तुस्थिती.

२००७ चा वेस्ट इंडीजमधला विश्वचषक हा आयर्लंडचा पहिला. संघातले बरेच जण पोटासाठी दुसरे काहीतरी करणारे. ऑफस्पिनर काइल मॅककॅलन हा शाळेत शिक्षक होता. १७ मार्च हा आयर्लंडचा सेंट पॅट्रिकचा सण. त्या दिवशी जमैकामध्ये या संघाने पाकिस्तानला १३२ धावांत उखडले, आणि नायल ओब्रायनच्या ७२ धावांच्या जोरावर तीन गडी राखून सामना जिंकला. शेवटी केव्हिन खेळपट्टीवर नाबाद उभा होता, आणि कप्तान ट्रेंट जॉन्स्टनने षटकार मारून विजय मिळवला. भारतीय वाचकांना ही तारीख दुसऱ्याच कारणाने आठवत असेल : त्याच दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने आपल्याला हरवले होते. आपल्या घराघरांत सुतक असताना डब्लिनमध्ये दुहेरी सण चालला होता.

आणि मग २ मार्च २०११, बंगळूर. मी त्या वेळी शाळेतसुद्धा जात नव्हतो. हा सामना मी मागाहून मोबाइलवर पाहिला, आणि एकदा नव्हे, अनेकदा पाहिला.

चिन्नास्वामी मैदानावर तीनच दिवसांपूर्वी भारत आणि इंग्लंड यांचा सामना ३३८ धावांवर बरोबरीत सुटला होता. त्यामुळे खेळपट्टी कशी आहे हे सर्वांना ठाऊक होते. तरी इंग्लंडने ८ बाद ३२७ धावा केल्या तेव्हा सामना संपल्यात जमा होता. विश्वचषकात तोवर पाठलाग करून मिळवलेली सर्वांत मोठी धावसंख्या होती श्रीलंकेची ३१३, तीही १९९२ सालची. त्यात आयर्लंडच्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर अँडरसनने कप्तान पोर्टरफील्डची यष्टी उखडली. चौथा गडी १०६ वर गेला, पाचवा १११ वर. निम्मा संघ तंबूत, निम्मी षटके संपत आलेली, आणि अजून २१७ धावा हव्यात.

सहाव्या क्रमांकावर आलेल्या केव्हिनचे केस त्या दिवशी गुलाबी होते. कर्करोगग्रस्तांसाठी निधी गोळा करण्याच्या मोहिमेत त्याने ते रंगवून घेतले होते. प्रथम पाहणाऱ्याला हा कोणी गमत्या प्राणी वाटावा. जोडीला अॅलेक्स क्युसॅक. यानंतर जे झाले त्याचे वर्णन करताना समालोचकांचाही आवाज वर चढत गेला आहे. स्वानच्या फिरकीवर त्याने मिडविकेटवरून चेंडू भिरकावले, वेगवान गोलंदाजांना पाय रोवून सरळ मारले. मला विशेष वाटते ते याचे की, त्यात घाबरलेल्या माणसाची आडवीतिडवी फेकाफेक नाही. कोणत्या गोलंदाजाला कोणत्या बाजूला मारायचे हे जणू आधी ठरले आहे आणि मनुष्य कामाला लागला आहे. ९१ वर असताना त्याचा एक उंच झेल उडाला. मागे धावत गेलेला स्ट्रॉस त्याच्याखाली पोहोचलाही, पण चेंडू हातातून निसटला. हाच तो स्ट्रॉस, ज्याला केव्हिनने आपल्या पहिल्या चेंडूवर बाद केले होते!

पन्नासाव्या चेंडूला शतक. विश्वचषकात त्यापूर्वीचे सर्वांत वेगवान शतक मॅथ्यू हेडनचे होते, ६६ चेंडूंचे. केव्हिन-क्युसॅक जोडीने १०३ चेंडूंत १६२ धावा जोडल्या. ६३ चेंडूंत ११३ धावा, १३ चौकार आणि ६ षटकार अशी खेळी करून केव्हिन धावबाद झाला तेव्हा अकरा धावा बाकी होत्या. त्या जॉन मूनी आणि ट्रेंट जॉन्स्टन यांनी काढल्या. पाच चेंडू शिल्लक असताना मूनीने चौकार मारला. ७ बाद ३२९. त्या रात्री आयर्लंडच्या बाजूने एड जॉइसही खेळला होता, आणि समोर इंग्लंड होते.

चारच दिवसांनी त्याच मैदानावर आयर्लंडची गाठ भारताशी पडली. युवराजसिंगने पाच बळी घेतले, वर नाबाद अर्धशतक केले. केव्हिनही त्याच्याच जाळ्यात सापडला. भारत जिंकला. आपण हा सामना युवराजचा म्हणून लक्षात ठेवतो, ते बरोबरच आहे.

बंगळूरच्या विजयाचे बक्षीस काय मिळाले? सुमारे महिन्याभराने जागतिक संघटनेने ठरवले की, २०१५ च्या विश्वचषकात फक्त दहा पूर्ण सभासद खेळतील. बाकीच्यांना दार बंद. ज्याने परीक्षेत पहिला वर्ग मिळवला त्याला पुढल्या वर्षी परीक्षेलाच बसू द्यायचे नाही, असला हा न्याय. सगळीकडून ओरड झाली तेव्हा जूनमध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. पुढे आयपीएलची दारेही केव्हिनसाठी उघडली नाहीत. आयर्लंडचा खेळाडू म्हणून त्या स्पर्धेत पहिली जागा मिळाली ती जोश लिटल या गोलंदाजाला, २०२३ साली. बंगळूरच्या प्रेक्षकांनी ज्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्याला आपल्या कोणत्याही संघाने घेतले नाही, याची मला थोडी लाज वाटते.

मधली वर्षे भराभर सांगतो. मे २०१३ मध्ये डब्लिनच्या क्लॉन्टार्फ मैदानावर पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चौकार मारून केव्हिनने सामना बरोबरीत सोडवला, ४७ चेंडूंत नाबाद ८४. २०१५ च्या विश्वचषकात आयर्लंडने वेस्ट इंडीज आणि झिंबाब्वे या दोन पूर्ण सभासदांना हरवले, आणि केवळ धावगतीच्या हिशेबात उपान्त्यपूर्व फेरी हुकली. आता मात्र त्यांना बाहेर ठेवणे कठीण होत चालले. २२ जून २०१७ रोजी आयर्लंड आणि अफगाणिस्तान यांना पूर्ण सभासदत्व मिळाले. केव्हिन तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, आणि याची कसोटी अजून सुरू व्हायची होती.

ती झाली मे २०१८ मध्ये, डब्लिनजवळच्या मालाहाइड गावी, पाकिस्तानविरुद्ध. ११ मेचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेत आणखी एका दिवसाची भर! पाकिस्तानने ९ बाद ३१० वर डाव घोषित केला. आयर्लंडचे पहिले चार फलंदाज ७ धावांत परतले. केव्हिनच्या ४० धावा सर्वांत जास्त. डाव १३० वर आटोपला. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यासाठी २०० धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० ची आघाडी पुरते. पाकिस्तानची आघाडी १८० ची होती. म्हणजे त्या पहिल्या दिवसाच्या पावसाने आयर्लंडवर फॉलोऑनची नामुष्की आणली.

त्या अकरा जणांत यापूर्वी कसोटी खेळलेला एकटा रँकिन, तोही एकच, आणि इंग्लंडकडून. बाकी कोणालाच कसोटीचा चौथा दिवस कसा असतो हे ठाऊक नाही. वडीलधाऱ्यांपैकी कोणाला विचारावे, तर त्यांच्या पिढीला कसोटी हा शब्द दुसऱ्यांसाठीच होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा, ऑनर्स म्हणजे काय, सर रागावले तर काय करायचे, हे घरी विचारायला कोणी नव्हते. म्हणून असेल, पण मालाहाइडचा दुसरा डाव पाहताना मला धावांपेक्षा ही गोष्ट अधिक जाणवते.

जॉइस आणि पोर्टरफील्ड यांनी सलामीला ६९ धावा जोडल्या. पण मग पडझड सुरू झाली आणि ६ बाद १५७ अशी अवस्था आली. पाकिस्तानला पुन्हा खेळावे लागू नये, म्हणजे डावाचा पराभव, इतके ते जवळ आले होते. बंगळूरला सापडला होता तसाच हा प्रसंग. निम्म्याहून अधिक संघ बाद, आणि केव्हिन उभा. पण या वेळी त्याने बंगळूरचे काही केले नाही. चेंडू सोडून दिले. शरीराजवळ खेळून काढले. मोहम्मद अब्बास अचूक टप्प्यावर चेंडू दोन्हीकडे वळवीत होता, त्याला त्याने थकू दिले. बंगळूरला ६३ चेंडूंत ११३ धावा करणाऱ्या माणसाने मालाहाइडला २१७ चेंडूंत ११८ केल्या. स्टुअर्ट टॉम्प्सनबरोबर सातव्या गड्यासाठी त्याने ११४ धावांची भागी केली. टॉम्प्सनने ५३ काढल्या. चौथ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा आयर्लंड ७ बाद ३१९ होते आणि केव्हिन ११८ वर नाबाद. आदल्या दिवशी फॉलोऑन मिळालेल्या संघाने आता १३९ ची आघाडी घेतली होती.

पाचव्या सकाळी समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर तो स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला. डाव ३३९ वर संपला. १६० धावांसाठी उतरलेल्या पाकिस्तानचे तीन गडी १४ धावांत बाद झाले आणि तासभर मैदान श्वास रोखून बसले. पण इमाम-उल-हक आणि बाबर आझम यांनी सामना वाचवला. पाकिस्तान पाच गडी राखून विजयी. सामनावीर मात्र पराभूत संघाचा : केव्हिन ओब्रायन.

आपल्या देशाच्या पहिल्यावहिल्या कसोटीत शतक करणारे त्याच्यापूर्वी तिघेच होते. १८७७ साली ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स बॅनरमन, १९९२ साली झिंबाब्वेचा डेव्ह हॉटन, २००० साली बांगलादेशचा अमिनुल इस्लाम. भारताच्या पहिल्या कसोटीत, १९३२ साली लॉर्ड्सवर, आपल्यापैकी कोणाचे शतक झाले नाही. आपले पहिले शतक झाले ते पुढल्या वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथ यांच्या बॅटमधून. इंग्लंडविरुद्ध, दुसऱ्या डावात, हरलेल्या सामन्यात. आणि धावा किती? ११८! भारताचे पहिले कसोटी शतक ११८, आयर्लंडचे पहिले कसोटी शतकही ११८, दोन्ही दुसऱ्या डावातली, दोन्ही पराभवातली. योगायोगाला अर्थ नसतो हे मला कळते. पण हा योगायोग सापडला त्या दिवशी मी ग्रंथालयात बसल्या जागी मोठ्याने 'अरे!' म्हणालो आणि ग्रंथपालांची नजर ओढवून घेतली.

यानंतर केव्हिनला आणखी दोनच कसोट्या मिळाल्या. मार्च २०१९ मध्ये आपल्या देहरादूनला अफगाणिस्तानविरुद्ध. तेथे दुसऱ्या डावात त्याने ५६ काढल्या, तरी आयर्लंड सात गड्यांनी हरले. आणि जुलै २०१९ मध्ये लॉर्ड्सवर. टिम मर्टाने १३ धावांत पाच बळी घेऊन विश्वविजेत्या इंग्लंडला ८५ वर गारद केले, आणि तिसऱ्या दिवशी आयर्लंडचाच डाव ३८ धावांत आटोपला. एकाच सामन्यात स्वर्ग आणि पाताळ. त्यानंतर आयर्लंडला पुढची कसोटी खेळायला मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये. जवळजवळ चार वर्षे एकही नाही! कारण साधे होते. कसोटी भरवायला पैसा लागतो. आयर्लंडमध्ये कायमच्या बांधीव प्रेक्षागारांचे मैदान नाही, मालाहाइडला तात्पुरती उभारणी करावी लागते, आणि खर्चाच्या मानाने उत्पन्न नाही. पहिल्या पंगतीत बसायला मिळाले, पण पानात वाढणार कोण? जिमखान्यातल्या माझ्या मित्रांना हे सांगायचे राहिले होते. तीन हा आकडा केव्हिनच्या कुवतीचा नव्हे, त्याच्या देशाच्या तिजोरीचा आहे. कुवतीचा आकडा पाहायचा तर ५१.६० कडे पाहावे. सहा डावांवरून सरासरी काढणे शास्त्रशुद्ध नाही, असे कोणी म्हणेल. कबूल. पण सातवा डाव त्याला कोणी दिलाच नाही.

तो स्वस्थ मात्र बसला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओमानला हाँगकाँगविरुद्ध त्याने ट्वेंटी-ट्वेंटीत ६२ चेंडूंत १२४ धावा केल्या. आयर्लंडच्या पुरुष संघाकडून तिन्ही प्रकारांत शतक करणारा तो पहिला ठरला. ४ ऑगस्ट २०२० रोजी साउदॅम्प्टनला इंग्लंडने पुन्हा आयर्लंडपुढे ३२९ धावांचे लक्ष्य ठेवले. स्टर्लिंग आणि बॅलबर्नी यांनी शतके ठोकली, आणि विजयाच्या वेळी छत्तीस वर्षांचा केव्हिन नाबाद होता. त्याच महिन्यात डब्लिनमधल्या एका प्रांतीय सामन्यात त्याने मारलेला एक षटकार मैदानाबाहेर उभ्या केलेल्या मोटारीची काच फोडून आत गेला. मोटार कोणाची, म्हणून पाहिले तर त्याची स्वतःचीच!

जून २०२१ मध्ये त्याने एकदिवसीय सामने सोडले. तोवर ११४ बळी त्याच्या नावावर होते, तेव्हाचा तो आयर्लंडचा विक्रम. साडेतीन हजारांहून अधिक धावा होत्या त्या वेगळ्याच. २०२२ च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात खेळून थांबावे अशी त्याची इच्छा होती, पण निवड समितीने त्याचा विचार केला नाही, आणि १६ ऑगस्ट २०२२ रोजी तो पूर्णपणे निवृत्त झाला. निवृत्तीचा सामना वगैरे काही झाले नाही. बंगळूरचा पन्नास चेंडूंचा विक्रम बारा वर्षे टिकला. तो मोडला आपल्याच दिल्लीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये. आधी मार्करमने ४९ चेंडूंत शतक केले, आणि अठरा दिवसांनी त्याच मैदानावर मॅक्सवेलने ४० चेंडूंत.

१ मार्च २०२४ रोजी अबू धाबीला आयर्लंडने अफगाणिस्तानला सहा गड्यांनी हरवून आपली पहिली कसोटी जिंकली. आठव्या सामन्यात. भारताला पहिल्या विजयासाठी पंचवीस सामने आणि वीस वर्षे लागली होती. मालाहाइडच्या अकरा जणांपैकी त्या दिवशी मैदानात दोघेच होते : पॉल स्टर्लिंग आणि अँड्र्यू बॅलबर्नी. मालाहाइडला बॅलबर्नी दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला होता, आणि त्या शून्यांनंतर केव्हिनने डाव सावरला होता. अबू धाबीला बॅलबर्नी कप्तान होता. १११ धावा हव्या असताना तीन गडी १३ धावांत गेले. तो एक टोक धरून उभा राहिला आणि ५८ धावांवर नाबाद परतला.